धरून देणारा यहूदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या बायबल अभ्यासवर्गात हमखास यहूदा इस्कर्योताचा विषय निघतो. पवित्र आठवड्यातली वाचनं ऐकून लोक घरी जातात आणि पुढच्या वेळी प्रश्न घेऊन येतात. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात. पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनीही नेमके हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. म्हणून ती इथे एकत्र मांडली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं आहे असं स्पष्ट लिहिलं आहे.

यहूदाबद्दल खात्रीने काय सांगता येतं?

फार थोडं. येशूने निवडलेल्या बारा जणांपैकी तो एक होता. येशूच्या अटकेत त्याचा हात होता. पुढे तो शिष्यांच्या मंडळीत राहिला नाही. चारही शुभवर्तमानं एवढ्यावर एकमत आहेत. त्याचं वय, त्याचं गाव, त्याचा धंदा, तो येशूला पहिल्यांदा कुठे भेटला, यातलं काहीही लिहिलेलं नाही. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान यांना जाळी सोडून येताना आपण पाहतो, मत्तय जकातनाक्यावरून उठून येतो. यहूदा मात्र यादीच्या शेवटी नुसता येतो, आणि येतानाच त्याच्या नावाला 'ज्याने त्याला धरून दिले' हे शेपूट जोडलेलं असतं. म्हणजे वाचकाची त्याच्याशी ओळख होते तीच त्याच्या शेवटच्या कृत्यावरून.

यहूदा हे पात्रच कल्पित असावं असंही काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. मला ते पटत नाही. गुरूने स्वतः निवडलेल्या माणसानेच गुरूला शत्रूच्या हाती दिलं, ही गोष्ट आरंभीच्या मंडळीला अडचणीचीच होती. केल्सस या ख्रिस्तीविरोधी ग्रीक लेखकाने ती हत्यारासारखी वापरली, ते पुढे येईलच. अशी अडचण कोणी मुद्दाम रचून स्वतःच्या गळ्यात बांधून घेत नाही.

'इस्कर्योत' म्हणजे काय?

सर्वांत सरळ अर्थ 'करियोथचा माणूस'. हिब्रूत 'ईश' म्हणजे माणूस, आणि यहोशवाच्या पुस्तकात यहूदा वंशाच्या गावांच्या यादीत करियोथ हे नाव येतं. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याच्या बापालाही, म्हणजे शिमोनालाही, इस्कर्योत म्हटलं आहे. आडनावासारखं बापाकडून मुलाकडे आलेलं हे नाव गावावरून पडलं असणं जास्त संभवतं.

दुसरा तर्क 'सिकारी' या शब्दाचा, म्हणजे अंगरख्यात सुरी लपवून फिरणारे रोमविरोधी बंडखोर. 'निराश झालेला क्रांतिकारक यहूदा' या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. पण योसेफस या इतिहासकाराच्या सांगण्यावरून हे सिकारी फेलिक्स सुभेदाराच्या काळात, म्हणजे इ.स. ५० नंतर पुढे आले. येशूच्या अटकेला तोवर वीसेक वर्षं लोटली होती. अरामी भाषेतल्या 'खोटा' किंवा 'हवाली करणे' या अर्थांच्या धातूंवरूनही व्युत्पत्ती सुचवल्या गेल्या आहेत. मी गावाच्या बाजूने आहे.

त्याने येशूला 'विकलं', 'विश्वासघात केला' की 'धरून दिलं'? मूळ शब्द कोणता?

माझ्या मते सगळ्या प्रश्नांचा गाभा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मूळ ग्रीक क्रियापद 'पारादिदोमी'. त्याचा साधा अर्थ 'हवाली करणे, हाती देणे'. आपल्या मराठी बायबलात त्यासाठी 'धरून देणे' हे शब्द आहेत, आणि मला ते फार नेमके वाटतात. फितुरी, विश्वासघात, द्रोह या शब्दांत आधीच निकाल लागलेला असतो. 'धरून देणे' काय घडलं तेवढंच सांगतं. ग्रीकमध्ये 'द्रोही' या अर्थाचा वेगळा शब्द होता, 'प्रोदोतेस'. यहूदासाठी तो संपूर्ण नव्या करारात एकदाच आला आहे, लूकाने दिलेल्या बारा जणांच्या यादीत. बाकी सगळीकडे हवाली करणंच आहे. १९९६ मध्ये विल्यम क्लासेन या अभ्यासकाने याच मुद्द्यावर भर देऊन म्हटलं की या क्रियापदाचा अर्थ 'विश्वासघात' असा लावणंच चूक आहे. ते मला थोडं टोकाचं वाटतं, कारण मित्राला रात्री शस्त्रधारी लोकांच्या हाती देणं हे कृत्य शब्द सौम्य असल्याने सौम्य होत नाही. पण भाषेबद्दलचा त्यांचा मुद्दा खरा आहे.

आता हेच क्रियापद आणखी कुठे येतं ते पाहा. मार्काच्या पंधराव्या अध्यायात मुख्य याजक येशूला रोमी सुभेदार पिलाताच्या हवाली करतात आणि पिलात त्याला वधस्तंभावर खिळण्यासाठी हवाली करतो. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की देवाने स्वतःच्या पुत्राला न राखता आपल्या सर्वांसाठी दिलं. गलतीकरांस पत्रात तो म्हणतो की ख्रिस्ताने माझ्यासाठी स्वतःला दिलं. ग्रीकमध्ये चारही ठिकाणी क्रियापद एकच. यहूदा देतो, याजक देतात, पिलात देतो, पिता देतो, पुत्र स्वतःला देतो.

उत्तर आफ्रिकेतला बिशप आणि विचारवंत ऑगस्टीन याच्या नजरेतून हे सुटलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचन देताना त्याने विचारलं की पित्यानेही हवाली केलं आणि यहूदानेही, मग फरक कशात? त्याचं उत्तर असं : कृत्य एक, हेतू वेगळे. पित्याने आणि पुत्राने जे प्रेमापोटी केलं, ते यहूदाने द्रोहाने केलं. पुढची हजार वर्षं पश्चिमेकडच्या ख्रिस्ती नीतिविचारात हेतूला जे वजन आलं, त्याचं एक मूळ या प्रवचनात सापडतं.

पौलाला यहूदा माहीत होता का?

पौलाच्या पत्रांत यहूदा इस्कर्योताचं नाव कुठेच नाही. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांपेक्षा जुनं. त्यात 'ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले' असं वाक्य आहे, पण ते कोणी धरून दिलं हे सांगितलेलं नाही. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित येशू 'बारा जणांना' दिसला असं म्हटलं आहे, अकरा नव्हे. 'बारा' हे तोवर मंडळाचं नावच झालं होतं, असा याचा खुलासा बहुतेक जण करतात आणि तो पुरेसा आहे.

चारही शुभवर्तमानांत यहूदा सारखाच आहे का?

नाही. ती चार वेगवेगळी वाचून पाहा, हा माझा आग्रहच आहे. आपल्या डोक्यात जो यहूदा आहे तो चौघांचं मिश्रण असतो.

मार्क सर्वांत आधीचा, साधारण इ.स. ७० च्या आसपासचा. त्याच्याकडे यहूदा का गेला याचं कारणच नाही. यहूदा मुख्य याजकांकडे जातो, त्यांना आनंद होतो, मग ते पैसे द्यायचं कबूल करतात. पैसे मागितले ते यहूदाने, असं मार्क म्हणत नाही. तो मेला कसा, हेही मार्क सांगत नाही. चुंबन देतो आणि कथेतून नाहीसा होतो.

मत्तयात यहूदाच विचारतो, 'मला काय द्याल?' तिथे तीस नाणी येतात, पश्चात्ताप येतो, गळफास येतो. लूकात आणखी एक पायरी : सैतान यहूदामध्ये शिरला. योहानात तर पुष्कळ आधी, सहाव्या अध्यायातच, येशू म्हणतो की तुम्हा बारा जणांतला एक सैतान आहे.

बेथानीच्या जेवणाचा प्रसंग पाहिला की ही वाढ उघड दिसते. एक स्त्री येशूवर महागडं सुगंधी तेल ओतते. कुणीतरी कुरकुर करतं की हे तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना देता आलं असतं. मार्कात कुरकुरणारे 'काही जण' आहेत. मत्तयात ते 'शिष्य' आहेत. योहानात तो एकटा यहूदा आहे, आणि योहान लगेच जोडतो की त्याला गरिबांची पर्वा होती म्हणून नव्हे, तो चोर होता, पैशांची डबी त्याच्याजवळ असे आणि तीत टाकलेलं तो काढून घेई. सर्वांच्या तोंडची कुरकुर शेवटी एकाच्या तोंडी आली. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण बाकीचे शिष्य त्यातून किती अलगद सुटतात.

पण योहानाला मी खोटं पाडत नाही. त्याच्याकडे अशी एखादी आठवण चालत आलेलीही असू शकते. वाढ कुठे आणि कुठल्या दिशेने झाली, एवढं मात्र दिसतं.

तीसच नाणी का?

हा आकडा फक्त मत्तयाकडे आहे. त्यामागे जुन्या कराराचे दोन संदर्भ आहेत. जखऱ्याच्या अकराव्या अध्यायात मेंढपाळाची मजुरी म्हणून तीस रुपये तोलून दिले जातात आणि ते मंदिरात कुंभाराकडे फेकले जातात. निर्गमात बैलाने शिंगाने मारलेल्या गुलामाच्या धन्याला द्यायची भरपाई तीस शेकेल आहे. म्हणजे ही किंमत अपमानाची आहे. नाणी कुठली ते मत्तय सांगत नाही. मंदिरात चालणारे सोर शहराचे शेकेल धरले तर एकाचे साधारण चार दिनार, म्हणजे तीसांचे एकशेवीस. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. बेथानीतलं तेल याच्या अडीचपट किमतीचं होतं.

एक गंमतीची अडचण इथे आहे. हे वचन मत्तय यिर्मयाच्या नावावर सांगतो, पण शब्द बहुतांशी जखऱ्याचे आहेत. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लिहून ठेवलं आहे की नासोरी या यहूदी-ख्रिस्ती पंथाच्या एका माणसाने त्याला यिर्मयाच्या नावाचा एक हिब्रू ग्रंथ दाखवला आणि त्यात हे वचन शब्दशः होतं. तरीही जेरोमचा कल जखऱ्याकडेच राहिला.

याजकांना यहूदाची गरजच काय होती? येशू तर रोज मंदिरात शिकवत होता.

गर्दीमुळे. वल्हांडण सणाला यरुशलेम भरलेलं असे आणि दिवसाढवळ्या अटक केली तर दंगल होईल ही भीती मार्काने नोंदवली आहे. रात्री येशू कुठे थांबतो हे जवळच्या माणसालाच ठाऊक असणार. अंधारात नेमका माणूस ओळखून द्यायचा म्हणून चुंबनाची खूण. योहानात चुंबन नाही, तिथे येशू स्वतः पुढे होऊन 'तुम्ही कोणाचा शोध करता?' असं विचारतो.

यहूदा मेला कसा? मत्तय एक सांगतो, प्रेषितांची कृत्ये दुसरंच.

मत्तय : यहूदाला पस्तावा होतो, 'निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केले' असं तो याजकांना सांगतो, ते म्हणतात की त्याचं आम्हांला काय. तो नाणी मंदिरात फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. याजक त्या पैशांतून कुंभाराचं शेत परक्यांच्या दफनासाठी विकत घेतात.

प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय : यहूदाने स्वतःच त्या पैशांनी शेत घेतलं, तो पालथा पडला, त्याचं पोट फुटलं आणि आतडी बाहेर आली. पस्ताव्याचा उल्लेख नाही.

शेताचं नाव दोन्हीकडे सारखंच, हकलदमा, म्हणजे रक्ताचं शेत. पण मत्तयात ते रक्त येशूचं, कृत्यांत ते यहूदाचं. एका शेताचं नाव लोकांच्या तोंडी होतं आणि त्याभोवती दोन आठवणी स्वतंत्रपणे वाढल्या, असं मला वाटतं.

तिसरी हकिकत हिरापोलिसचा बिशप पापियास याची, दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली. त्याचे पाच ग्रंथ हरवले, पण हा तुकडा नंतरच्या लेखकांनी उतरवून घेतल्यामुळे उरला. त्यात यहूदा फासाने मरतच नाही. त्याचं शरीर इतकं सुजतं की गाडी सहज जाईल अशा वाटेतूनही तो जाऊ शकत नाही. पापण्या एवढ्या फुगतात की डोळे दिसेनासे होतात. शेवटी तो स्वतःच्या जागेत मरतो आणि त्या जागेला पुढेही दुर्गंधी येत राहते. दुष्टांचा अंत किडे पडून, सुजून, कुजून होतो असं सांगण्याची त्या काळी ग्रीक आणि यहूदी दोन्ही परंपरांत रीतच होती. अंतियुख राजाचं मरण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात असंच आहे.

मत्तयाच्या गळफासामागे आणखी एक जुनी कथा उभी आहे. दावीद राजाचा मंत्री अहीथोफेल बंडखोर अबशालोमाला मिळाला आणि आपला सल्ला मानला गेला नाही असं पाहून घरी जाऊन त्याने गळफास घेतला. राजाशी फितूर होऊन फास घेणारा माणूस म्हटला की मत्तयाच्या वाचकांना अहीथोफेल आठवणारच.

नंतरच्या लोकांनी दोन्ही हकिकती एकत्र शिवल्या : आधी फास घेतला, मग दोर तुटून पडला आणि पोट फुटलं. जेरोमच्या लॅटिन बायबलात तर कृत्यांच्या त्या ओळीतच 'लटकलेला' हा शब्द आला. ग्रीकमध्ये तो नाही.

सगळं आधीच लिहिलेलं होतं, तर यहूदाचा दोष काय?

हा प्रश्न तरुण मुलं फार कळकळीने विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

मार्कातलं येशूचं वाक्य दोन्ही टोकं एकत्र धरतं : मनुष्याचा पुत्र त्याच्याविषयी लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्या माणसाला हळहळ! दोन्ही कसं जमतं ते वाक्य सांगत नाही.

केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने साधारण इ.स. १७८ मध्ये ख्रिस्ती लोकांवर टीका करताना याच जागी बोट ठेवलं. जो देव आहे त्याला आपला शिष्य काय करणार हे ठाऊक होतं, तर त्यानेच त्याला त्या वाटेला लावलं असं होत नाही का? आणि साध्या दरोडेखोरांचा नायकसुद्धा आपल्या माणसांना निष्ठावंत ठेवतो, मग हा कसला गुरू?

ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सत्तर वर्षांनी, साधारण इ.स. २४८ मध्ये, त्याला उत्तर दिलं. आधी कळणं म्हणजे घडवणं नव्हे, हा त्याचा पहिला मुद्दा. पण मला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. यहूदाचा पस्तावाच बघा, असं तो म्हणतो. पैसे फेकून 'मी पाप केले' म्हणणाऱ्या माणसाच्या मनातून गुरूची शिकवण पूर्ण पुसली गेलेली नव्हती. ओरिजेनच्या मते यहूदा जन्मापासून दुष्ट नव्हता. तो आधी खरोखर प्रेषित होता, त्याचं मन दुभंगलं. आपल्या स्वभावाने तारले किंवा बुडवले गेलेले असे माणसांचे ठरलेले वर्ग असतात, असं त्या काळचे काही ज्ञानवादी गट, म्हणजे गुप्त ज्ञानाने तारण होतं म्हणणारे पंथ, मानत. त्यांच्याविरुद्ध ओरिजेनला माणसाचं स्वातंत्र्य सांभाळायचं होतं, म्हणून यहूदाचं स्वातंत्र्यही त्याने सांभाळलं.

पेत्रानेही नाकारलं होतं. मग पेत्र संत आणि यहूदा नाशाचा पुत्र, असं का?

आरंभीच्या प्रवचनकारांचं ठरलेलं उत्तर असं की पेत्र रडला आणि थांबला, यहूदा निराश झाला. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आत्महत्येचा विचार करताना लिहिलं की देवाच्या दयेची आशा सोडल्यामुळे यहूदाने तारक पश्चात्तापाला जागाच ठेवली नाही. म्हणजे त्याचा शेवटचा गुन्हा येशूला धरून देणं हा नसून आशा सोडणं हा.

ओरिजेनने हीच घटना फार वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. मत्तयावरच्या भाष्यात तो म्हणतो की यहूदाने कदाचित असा विचार केला असेल : गुरू मरणार आहे, मी त्याच्या आधी मरून अधोलोकात जाईन, तिथे उघड्या जिवाने त्याला भेटेन आणि क्षमा मागेन. आत्महत्या योग्य होती असं ओरिजेन म्हणत नाही. पण गळफासात सुद्धा त्याला गुरूकडे धावणारा शिष्य दिसला. तिसऱ्या शतकातल्या या ओळी मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण ज्यांच्या घरात कुणी आत्महत्या केली आहे अशी माणसंही वर्गात असतात आणि फक्त ऑगस्टीनचं वाक्य ऐकून ती घरी जाऊ नयेत.

शेवटच्या भोजनात यहूदाने भाकर खाल्ली का?

लूकाच्या क्रमाप्रमाणे होय. भाकर आणि प्याला झाल्यावर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. मार्क आणि मत्तय हे बोलणं आधी ठेवतात. योहानात येशू घास बुडवून यहूदाला देतो, तो बाहेर जातो, आणि योहान तीन शब्द लिहितो : 'तेव्हा रात्र होती.'

सिरियातल्या परंपरेला यहूदाने प्रभुभोजन घेतलं हे सहन झालं नाही. चौथ्या शतकातल्या एफ्रेमने म्हटलं की घास पाण्यात बुडवला तो त्यावरचा आशीर्वाद धुऊन जावा म्हणून. योहान ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध प्रवचनकाराने मात्र येशूने यहूदाचे पायही धुतले आणि त्याला त्याच मेजावर बसवलं, यातच गुरूचा सौम्यपणा दाखवला.

ऑगस्टीनला यहूदा मेजावर हवाच होता, आणि त्याचं कारण समजायला उत्तर आफ्रिकेत जावं लागतं. इ.स. ३०३ पासून सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. त्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणू लागले, म्हणजे हवाली करणारे. यहूदासाठीचाच हा शब्द. तिथल्या मंडळीतून फुटून निघालेल्या डोनाटस पंथाचे लोक म्हणत की अशांच्या हातून आलेला बाप्तिस्मा बाद, ते यहूदाचे वारस. यावर ऑगस्टीनचं उत्तर : यहूदाही इतर शिष्यांबरोबर बाप्तिस्मा देत होता. यहूदाच्या हातून झालेला बाप्तिस्मा ख्रिस्ताचाच होता, तो कुणी पुन्हा केला नाही. देणाऱ्याचे हात मळके असले तरी दान मळत नाही. संस्कार याजकाच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो ही शिकवण आजही चालते, आणि तिच्या पायाभरणीत यहूदा आहे.

'यहूदाचं शुभवर्तमान' खरं आहे का? त्यात तो नायक आहे म्हणतात.

ग्रंथ खरा आहे, म्हणजे खरोखरच प्राचीन आहे. यहूदाने तो लिहिलेला नाही.

लियोंचा बिशप इरेनियस साधारण इ.स. १८० मध्ये अशा नावाच्या ग्रंथाचा उल्लेख करतो. पुढे तो नाहीसा झाला. १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये मिन्या परिसरात एक पपायरसची वही सापडली. कॉप्टिक भाषेतल्या त्या वहीत इतर मजकुरांबरोबर हाही होता. वही व्यापाऱ्यांच्या हातून फिरली, न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या तिजोरीत सोळा वर्षं पडून राहिली आणि तिचे तुकडे तुकडे झाले. कार्बन चाचणीने तिचा काळ इ.स. २२० ते ३४० ठरला. मूळ ग्रीक ग्रंथ दुसऱ्या शतकातला मानतात. २००६ च्या एप्रिलमध्ये नॅशनल जिओग्राफिकने भाषांतर प्रसिद्ध केलं तेव्हा जगभर गाजावाजा झाला : यहूदा द्रोही नव्हता, येशूच्याच सांगण्यावरून त्याने ते केलं!

ज्या वाक्यावर हे उभं होतं ते असं : तू त्या सर्वांच्या वरचढ ठरशील, कारण ज्या माणसाने मला पांघरलं आहे त्याचा तू बळी देशील. शरीर म्हणजे आत्म्यावरचं वस्त्र, ते उतरवायला यहूदाने मदत केली, असा पहिल्या भाषांतरकारांचा अर्थ.

पुढच्याच वर्षी एप्रिल डीकॉनिक या अभ्यासिकेने आक्षेप घेतला. येशू यहूदाला 'तेरावा दाइमोन' म्हणतो. पहिल्या भाषांतरात त्याचं 'आत्मा' केलं होतं, पण ख्रिस्ती लिखाणात हा शब्द बहुतेकदा दुष्टात्म्यासाठी येतो. पवित्र पिढी'साठी' वेगळा काढलेला, असं जे वाचलं गेलं ते पवित्र पिढी'पासून' वेगळा केलेला असं वाचायला हवं, असंही त्यांनी दाखवलं. 'वरचढ' म्हणजे दुष्टपणात वरचढ, कारण या ग्रंथात बळी देणं हीच वाईट गोष्ट आहे. शिष्यांच्या प्रार्थनेला येशू हसतो, आणि स्वप्नात त्यांना दिसलेले, लेकरांचे बळी देणारे याजक म्हणजे तुम्हीच, असं तो त्यांना सांगतो. बळीच्या भाषेवरच हा ग्रंथ संतापलेला आहे.

मी डीकॉनिक यांच्या बाजूला झुकतो, पूर्ण नाही. यहूदाला इथे इतरांपेक्षा जास्त कळतं, हे नाकारता येत नाही. कळूनही तो सुटत नाही. ग्रंथ संपतो तो पुनरुत्थानाने नव्हे, वधस्तंभानेही नव्हे. यहूदाने पैसे घेतले आणि येशूला पकडणाऱ्यांच्या हवाली केलं, एवढंच. कॉप्टिक मजकुरातही तिथे तेच ग्रीक क्रियापद आहे.

यहूदाच्या बालपणाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्या कुठल्या?

येशूच्या बालपणाच्या अरबी शुभवर्तमानात एक आहे. सैतानाने पछाडलेला लहान यहूदा बाळ येशूच्या कुशीत चावायला जातो, आणि ज्या बाजूला तो मारतो तिथेच पुढे भाला लागतो. गोष्टी रचणाऱ्यांना त्याच्या आधीच्या आयुष्याची पोकळी सोसवली नाही, म्हणून ती भरली गेली. मध्ययुगात तर आणखी भर पडली, पण ती सुरुवातीच्या परंपरेतली नाही.

बुधवारच्या उपवासाचा यहूदाशी संबंध आहे का?

आहे, पण तो नंतर जोडलेला. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या नियमपुस्तिकेत बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा असं आहे, कारण मात्र वेगळं : इतर लोक सोमवारी आणि गुरुवारी करतात म्हणून. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाचा बिशप पेत्र (प्रेषित पेत्र नव्हे) सांगतो की बुधवार हा प्रभूला धरून देण्याची मसलत झाली त्या दिवसाची आठवण. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तो आजही पाळतात.

यहूदा आणि यहूदी, ही नावं सारखी का?

दोन्ही एकाच मुळापासून आली आहेत. यहूदा हे त्या काळचं अगदी सर्रास नाव होतं. येशूच्या वंशावळीत यहूदा आहे, त्याच्या भावांत यहूदा आहे, बारा शिष्यांत दुसराही एक यहूदा आहे, आणि नव्या करारातलं एक छोटं पत्र यहूदाचं आहे. इंग्रजी बायबलात त्या पत्राच्या लेखकासाठी 'ज्यूड' असं वेगळं रूप करून त्याला या डागापासून दूर ठेवलं. आपल्या मराठी बायबलात सगळे यहूदाच आहेत. वाचताना गोंधळ होतो, पण प्रामाणिकपणा जास्त आहे.

या सारखेपणाने इतिहासात भयंकर काम केलं. ऑगस्टीनने एकशेनवव्या स्तोत्रावर लिहिताना पेत्राला मंडळीचं प्रतीक ठरवलं आणि यहूदाला ख्रिस्ताचे शत्रू असलेल्या यहूद्यांचं. ख्रिसोस्तोमची यहूद्यांविरुद्धची प्रवचनं तर वाचवत नाहीत. पेत्र, योहान, मरीया आणि स्वतः येशू हे सगळे यहूदीच होते, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. पुढे चित्रांत यहूदाला पिवळा झगा आणि पैशाची थैली आली, पवित्र आठवडा हा युरोपातल्या यहूद्यांसाठी दारं लावून बसायचा आठवडा झाला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही.

आपल्याकडे कोकणात बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी. म्हणून गुड फ्रायडेच्या वाचनात 'यहूदी' हा शब्द आपण मराठीत उच्चारतो तेव्हा तो आपल्याच भाषेतल्या शेजाऱ्याच्या कानांवर पडू शकतो. वाचन करणाऱ्यांना मी हे आधी सांगून ठेवतो.

यहूदा नरकात आहे, असं चर्चने ठरवलं आहे का?

कॅथलिक चर्चने कुणाही एका माणसाचं नाव घेऊन तो नरकात आहे असं कधीच जाहीर केलेलं नाही, यहूदाचंही नाही. योहानात 'नाशाचा पुत्र' हे शब्द आहेत, आणि 'तो जन्मास आला नसता तर बरे' हे वाक्य मार्क-मत्तयात आहे. परंपरेने त्यावरून जवळजवळ निकालच दिला. औपचारिक निकाल नाही.

बागेत येशू यहूदाला शेवटचं काय म्हणाला?

मार्कात काहीच नाही. लूकात प्रश्न आहे : 'यहूदा, तू मनुष्याच्या पुत्राला चुंबन घेऊन धरून देतोस काय?' तिथे तो त्याला नावाने हाक मारतो. मत्तयात ग्रीक शब्द आहे 'हेताइरे', म्हणजे सोबती, आणि मराठीत त्याचं 'गड्या' झालं आहे. त्यापुढचे शब्द ग्रीकमध्ये इतके त्रोटक आहेत की 'ज्यासाठी आलास ते कर' असंही वाचता येतं आणि 'कशासाठी आलास?' असंही. दुसरं वाचन खरं असेल, तर येशूने गड्याला एक प्रश्न विचारला होता, आणि यहूदाने उत्तर द्यायच्या आत लोकांनी येशूवर हात टाकले.